एकोणचाळीस मिनिटे : विज्ञानकथेतील पंचांगे आणि आपली दफ्तरे

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘रेड मार्स’ (१९९२) या कादंबरीत मंगळावर वस्ती करणाऱ्या माणसांपुढे एक वरकरणी किरकोळ अडचण आहे. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा. तास लांबवावा तर पृथ्वीशी मेळ राहत नाही. न लांबवावा तर दिवस पुरा होत नाही. रॉबिन्सनच्या वसाहतकारांनी काढलेला तोडगा असा : घड्याळे मध्यरात्री थांबतात, साडेएकोणचाळीस मिनिटे थांबलेलीच राहतात आणि मग पुन्हा चालू लागतात. घड्याळात न मोजलेला हा अवधी हळूहळू त्या समाजाचा खास स्वतःचा काळ होतो. पृथ्वीची शिस्त त्याला लागू नाही.

मुंबईच्या इतिहासात जवळपास हाच आकडा भेटतो. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून अमलात आलेली भारतीय प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे. फरक एकोणचाळीस मिनिटांचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून खगोलशास्त्रीय काही निघत नाही. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे : दोन काळांमधला हा फरक कोणाच्या मालकीचा?

विज्ञानकथेची चर्चा करताना आपण यंत्रे, ग्रह, परग्रहवासी यांच्याविषयी पुष्कळ बोलतो. त्या जगाच्या कालगणनेकडे मात्र सजावट म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे की कल्पित जगाचे पंचांग हा त्या जगाचा पहिला ऐतिहासिक दस्तऐवज असतो. तिथे सत्ता कोणाची, वसुली कोण करतो, वाहतूक कोणाच्या हाती आहे, हे लेखकाने कथेत सांगण्यापूर्वीच पंचांग सांगून टाकते. असे दस्तऐवज वाचण्याची तालीम मराठीच्या विद्यार्थ्याला परक्या वाङ्मयातून घ्यावी लागत नाही. ती आपल्या दफ्तरांत आहे.

शककर्ता

आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ (१९५१) या कादंबरीच्या आरंभी एका कल्पित विश्वकोशातील नोंद येते. हॅरी सेल्डन या गणितज्ञाचा जन्म गॅलॅक्टिक सनाच्या ११,९८८ व्या वर्षी झाला, असे ती सांगते. आणि लगेच, आता प्रचारात असलेल्या फाउंडेशन सनाप्रमाणे हेच वर्ष उणे ७९ येते, असेही सांगते. एकही घटना घडण्याआधी चाणाक्ष वाचकाला कळते की बारा हजार वर्षांचे साम्राज्य बुडालेले आहे, कारण त्याच्या सनाचे आता भाषांतर करावे लागते. शिवाय जेत्यांची गणना भूतकाळातही मागे जाऊन उणे आकड्यांनी जुन्या माणसांचे जन्म नोंदवते, हेही कळते.

मराठी वाचकाला यात नवे काही वाटू नये. ‘शककर्ता’ हा शब्दच आपल्या भाषेत आहे. राजा तो, जो शक सुरू करतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि राज्याभिषेक शकाचे पहिले वर्ष सुरू झाले. त्याच सुमारास दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध होत होता. शब्द आणि वर्ष, दोन्ही आपले असावेत असा हा एकच संकल्प होता. आज मंगळावर उतरणारे प्रत्येक यान उतरल्या दिवसापासून आपले ‘सोल’ मोजू लागते, म्हणजे प्रत्येकाचा एक स्वतंत्र राज्याभिषेक शकच असतो. दिवस कोठून मोजावा हे ठरवण्याचा अधिकार तिथे प्रथम पोहोचणाऱ्याने घ्यायचा, हा नियम रायगडाइतकाच जुना आहे.

महसुलाचे वर्ष

परंतु दफ्तर उघडले की या कथेला फाटा फुटतो. राज्याभिषेक शक सुरू झाला तरी कारकुनाची लेखणी बदलली नाही. पेशवाईतील पत्राच्या तारखेची ओळ पाहावी. आधी ‘छ’ येतो, म्हणजे चंद्र. त्यापुढे तारखेचा आकडा. मग रजब, साबान, जमादिलाखर असा हिजरी महिना. आणि शेवटी अरबी संख्याशब्दांत वर्ष. पानिपतच्या वर्षी ते ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले जाई : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सुहूर सन. एकाच रणदिवसाची, १४ जानेवारी १७६१ ची, वर्षे मांडून पाहिली तर शके १६८२, हिजरी ११७४, सुहूर ११६१, दख्खनी फसली ११७० आणि राज्याभिषेक शक ८७ अशी निघतात. एका दिवसाला सहा पत्ते होते आणि लिहिणारा वाट चुकत नव्हता.

सुहूर सन का जन्मला, याचे कारण हिशेबाचे आहे. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ दिवसांचे. ते ऋतुचक्रातून दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. सारा घ्यायचा तर पीक हाती यावे लागते, आणि पीक सूर्याच्या हिशेबाने येते. तेहतीस सौर वर्षांत चौतीस चांद्र वर्षे बसतात. रयतेकडून तेहतीस पिकांवर चौतीस सारे कसे मागणार? म्हणून १३४४ च्या सुमारास दख्खनेत हिजरीचा आकडा घेऊन त्याला सौर वर्षाची चाल दिली गेली. पुढे शाहजहानच्या काळात, १६३६ पासून, याच युक्तीने दख्खनी फसली सन निघाला. दोन्हींत नऊ वर्षांचा फरक राहिला तो यामुळेच. सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुहूर वर्ष पालटे, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. नाव अरबी, चाल सूर्याची, आरंभ पेरणीचा. असे पंचांग कोणत्या ज्योतिषाने डौलाने जाहीर केले नव्हते. ते जमाबंदीच्या गरजेने घडले, आणि म्हणूनच राज्ये बदलली तरी ते टिकले.

इथे बहुतेक विज्ञानकादंबऱ्यांतील पंचांगांची उणीव दिसते. त्यांत सम्राटाचा सन असतो, महसुलाचा नसतो. ज्या साम्राज्यात लक्षावधी ग्रह आहेत आणि प्रत्येकाचे ऋतू निराळे आहेत, तिथे सारा कोणत्या महिन्यात वसूल होतो? हा प्रश्न विचारला की साम्राज्य कागदाचे आहे की मातीचे, ते कळू लागते.

वाहतूकदाराचे घड्याळ

फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’मध्ये (१९६५) हे ओळखले होते. कादंबरीला जोडलेल्या शब्दार्थसूचीत ते नमूद करतात की साम्राज्याच्या कालगणनेचा आरंभ अंतराळवाहतुकीची मक्तेदारी असलेल्या ‘गिल्ड’च्या उदयापासून धरला जातो. सिंहासनावर कोणीही बसो, वर्ष वाहतूक कंपनीचे. दुसरीकडे, कादंबरीच्या आरंभीचा उतारा नायकाच्या जन्माचा काळ पादिशाह सम्राटाच्या राज्यवर्षांत सांगतो. दोन गणना शेजारी ठेवल्या की सत्ता कुठे विभागली आहे ते स्पष्ट होते.

आपल्याकडे ‘गिल्ड’चे काम आगगाडीने केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रास वेधशाळेच्या वेळेवर धावत होती, आणि ती वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावर ही मद्रास वेळ लादून पाहिली. शहराने दाद दिली नाही. राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरून सरकार आणि विद्यापीठ यांच्यात वाद पेटला, आणि १८८३ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा जानेवारीतच कापड गिरण्यांच्या हजारो कामगारांनी माग थांबवले, दगडफेक झाली, सभा आणि अर्ज झाले. याची गोम समजून घ्यायला हवी. घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे गेले की सकाळची पाळी सूर्याच्या हिशेबाने तितकी आधी सुरू होते. बाबूला तो एक आकडा वाटला, कामगाराला ती झोप होती. शहरातील काही घड्याळांनी स्थानिक वेळ धरून ठेवली ती १९५५ पर्यंत.

कालमापनाचा इतिहास वेधशाळांइतकाच गिरणीच्या भोंग्यांनी लिहिला आहे, हे विज्ञानकथेच्या अभ्यासकाने विसरू नये. कथेतल्या अंतराळस्थानकावर किती तासांचा ‘दिवस’ आहे हे वाचताना, तिथे पाळी किती तासांची आहे हे शोधावे. भिवंडीत आजही यंत्रमाग बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. त्या कामगाराच्या दृष्टीने दिवसाचे मूलभूत एकक सूर्योदय नव्हे, पाळी हे आहे.

लपवणारे पंचांग

याच्या नेमके उलट टोक ‘स्टार ट्रेक’मध्ये (१९६६) सापडते. तिथले ‘स्टारडेट’ हे आकडे मुद्दाम असे घडवले की कथा कोणत्या शतकात घडते ते कळू नये. लेखकाने चार अंक आणि एक दशांश निवडावा, एवढीच अपेक्षा. १९८७ च्या नव्या मालिकेत पद्धत आली, पण ती कशी? पहिला अंक चार हा चोविसाव्या शतकाचा, आणि दुसरा अंक मालिकेच्या हंगामाचा. म्हणजे विश्वाचा काल दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक वर्षाने मोजला जाऊ लागला. हेही एक प्रकारचे फसली सालच : पीक कार्यक्रमाचे आणि आकारणी जाहिरातीची.

परंतु ‘स्टारडेट’च्या जगात सण नाही, उपवास नाही, नक्षत्र नाही, पेरणी नाही. ज्या गणनेत कोणाचाही उरूस किंवा जत्रा येत नाही, तिच्यात भांडणही होत नाही. ते विश्व शांत वाटते त्याचे एक कारण त्याचे पंचांग रिकामे आहे हे असावे.

उरलेला काळ

आता रॉबिन्सनच्या थांबलेल्या घड्याळाकडे पुन्हा वळू. कोणतीही दोन चक्रे एकमेकांत पुरती बसत नाहीत, काहीतरी उरतेच. त्या उरलेल्या काळाचे समाज काय करतो, यावर त्याची प्रकृती ओळखता येते. आपल्याकडे चांद्र आणि सौर वर्षांतील अकरा दिवस साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास होतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत नाही, तो अधिक. सत्तेने आणि शास्त्राने तो आधी ‘मलमास’ म्हणून बाजूला काढला : लग्न नको, मुंज नको. मग परंपरेने त्याला विष्णूचे नाव देऊन ‘पुरुषोत्तम’ केले, आणि घरातल्या बायकांनी त्यात जावयासाठी तेहतीस अनारसे तळले. रॉबिन्सनने मंगळाच्या वर्षाला चोवीस महिने देताना प्रत्येक नाव दोनदा वापरले, पहिला जानेवारी आणि दुसरा जानेवारी अशा रीतीने. ‘अधिक श्रावण’ आणि ‘निज श्रावण’ म्हणणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटत नाही.

हिजरी गणनेने मात्र अधिक महिना घालण्याची अरबांची जुनी रीत बंद केली. तिथे उरलेला काळ साठवला जात नाही. रमजान आणि ईद सगळ्या ऋतूंतून फिरतात. एकाच चंद्रावर चालणारी ही दोन पंचांगे, आणि दोघांचा उरलेल्या काळाशी वागण्याचा निर्णय विरुद्ध. याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. भाद्रपद आणि रबिउलअव्वल हे महिने एकदा जुळले की पुढचा अधिक मास येईपर्यंत जुळलेलेच राहतात. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्या; २०२४ आणि २०२५ मध्येही त्या एका दिवसाच्या अंतराने आल्या. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही गाठ सुटते आणि पुन्हा पडायला सुमारे बत्तीस-तेहतीस वर्षे लागतात. २०२३ मध्ये मुंबईतील मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि शासनाने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. दोन पंचांगांमधली तेढ माणसांनी एक दिवस सोडून मिटवली.

नेहमी असे होत नाही, हे भिवंडीइतके कोणाला ठाऊक असणार? ७ मे १९७० रोजी इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली आणि ती जळगाव, महाडपर्यंत पसरली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. तो दिवस वैशाख शुद्ध द्वितीयेचा होता, म्हणजे शके १५४९ ही जन्मसालाची जुनी परंपरा धरणारा. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. तिच्यावरून निघणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख राज्य शासनाने २००१ मध्ये स्वीकारली. तरीही जयंती तारखेने करावी की तिथीने, हा वाद संपलेला नाही. तारखेच्या चुकीने दंगल झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिची कारणे वेगळी आणि खोल होती. पण सामायिक रस्त्यावर कोणाचा दिवस केव्हा उजाडतो हा प्रश्न पंचांगकर्त्याच्या गणिताबाहेर जाऊन नागरिकत्वाचा होतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. याच गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

मराठी विज्ञानकथेचा मौनभाग

इतकी समृद्ध सामग्री हाताशी असताना मराठी विज्ञानकथेने स्वतःचे पंचांग का रचले नाही? डॉ. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आली आणि मराठी विज्ञानकथेला नवे वळण मिळाले. कृष्णविवर ही कल्पनाच मुळी काळ सर्वत्र सारख्या गतीने जात नाही या सिद्धान्ताशी बांधलेली आहे. म्हणजे मराठी विज्ञानकथेच्या या पर्वाच्या उंबरठ्यावर घड्याळच उभे आहे. पण ते भौतिकशास्त्राचे घड्याळ आहे, दफ्तराचे नव्हे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जातात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आणि इंग्रज मुंबईपुरते उरले. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून अनेक वर्षे अभ्यासल्या गेलेल्या तिच्या इंग्रजी रूपात, मुंबईच्या भाडेपट्ट्याचा करार १९०८ चा असून त्याची मुदत २००१ साली संपणार असल्याचा उल्लेख आहे. प्रश्न असा की, त्या जगात करारावर १९०८ हे वर्ष कोण घालील? जिंकलेल्या मराठी सत्तेचा दस्तऐवज राज्याभिषेक शक २३५ चा, शके १८३० चा किंवा सुहूर १३०९ चा असायला हवा. राजकारण पालटले, आगगाडीचे नाव पालटले, इतिहासाच्या ग्रंथातला मजकूर पालटला. इंग्रजांची तारीख तेवढी जशीच्या तशी राहिली. नारळीकरांना वाचकाला दोन इतिहासांचा फरक चटकन दाखवायचा होता आणि त्यासाठी मोजपट्टी एकच हवी होती, हे उघड आहे. तरीही, आपल्या कल्पनेत सर्वांत शेवटी काय स्वतंत्र होते याचे उत्तर इथे सापडते.

त्याला आणखी एक कारण असावे. स्वातंत्र्योत्तर शिक्षित मराठी मनाने तारीख कचेरीला दिली आणि तिथी देवघराला. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शास्त्रशुद्ध राष्ट्रीय पंचांग तयार केले. ते २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ म्हणून, अमलात आले. वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी. वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे. पुढचे सारे महिने तीस दिवसांचे. हे आपल्या देशातले खरेखुरे विज्ञानकल्पित पंचांग म्हणता येईल. राजपत्रावर ते छापले जाते, पण त्याने ना कोणाचे भाडे ठरते, ना पगार, ना लग्न. ज्याच्या मागे वसुली नाही, पाळी नाही आणि सणही नाही, असे पंचांग कितीही निर्दोष असले तरी लोकांच्या जगण्यात उतरत नाही, हा सुहूर सनाच्या नेमका उलटा धडा.

उद्याच्या मराठी विज्ञानकथाकाराकडून म्हणूनच एक अपेक्षा ठेवावीशी वाटते. त्याने मंगळावर किंवा अन्यत्र वस्ती बसवली तर तिथे सारा कोणत्या महिन्यात घेतात, पाळी केव्हा पालटते, दोन समाजांचे सण एका दिवशी आले तर कोण एक दिवस थांबते, हे त्याला ठाऊक असावे. सामग्री दूर नाही. भिवंडीचे रेखांश सुमारे ७३ अंश पूर्व. त्यामुळे इथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी, नोव्हेंबरच्या आरंभी १२.२२ च्या सुमारास तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.५२ च्या सुमारास. मशिदीतील जुहरच्या नमाजाची वेळ याच माध्यान्हावरून निघते, आणि पंचांगातला स्थानिक सूर्योदयही याच हिशेबाने. १९५५ नंतर जी स्थानिक वेळ शहरांच्या घड्याळांतून गेली, ती या दोन तक्त्यांत रोज मोजली जाते. यंत्रमागाची पाळी तेवढी प्रमाणवेळेवर पालटते.